प्रवाह उलट वळविणारी कळ



विजेचे प्रवाह दोन जातींचे. एक सदैव एकाच दिशेनें वाहणारा, तो डी. सी.; दुसरा क्षणोक्षणीं दिशा पालटणारा, तो ए. सी. १८८२ सालीं एडिसननें न्यूयॉर्क शहरांत दिवे लावले ते डी. सी.वर. पुढें वेस्टिंगहाउस कंपनीनें ए. सी.चा पक्ष उचलून धरला. ट्रान्सफॉर्मरनें दाब चढवितां-उतरवितां येतो तो फक्त ए. सी.चा; म्हणून दूरवर वीज नेण्याच्या कामीं त्याचीच सरशी झाली. बॅटरी मात्र डी. सी.च देते. तिच्यावर घरचे पंखे चालवावयाचे, तर प्रवाह सेकंदास अनेक वेळां उलट वळविणारी कळ हवी. ती कशी लाभली, हें आज सांगावयाचें आहे.

१९३०च्या सुमारास मोटारगाड्यांत रेडिओ बसूं लागले. त्यांच्या व्हॉल्व्हांस शंभराहून अधिक व्होल्टांचा दाब लागे. बॅटरी बहुधा सहा व्होल्टांची. तेव्हां ‘व्हायब्रेटर’ नांवाची थरथरणारी पट्टी वापरीत. सेकंदास सुमारें शंभर वेळां हालून ती प्रवाहाची दिशा पालटी. परंतु स्पर्शागणिक ठिणगी उडे, टोकें झिजत, चिकटत, आणि रेडिओ मुका होई.

डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टर जन्मास आला. न हालतां, न घासतां प्रवाह जोडणारें व तोडणारें साधन हातीं आलें. १९५५ सालीं जॉर्ज रॉयर या अभियंत्यानें दोन ट्रान्झिस्टर व एक ट्रान्सफॉर्मर यांची सुटसुटीत जुळणी प्रसिद्ध केली. आणि हा अभियंता वेस्टिंगहाउसचाच! ताक घुसळतांना रवीची दोरी दोन हात आळीपाळीनें ओढतात; एका बाजूची दोरी संपली कीं दुसरा हात ओढूं लागतो. तसेंच येथें. गाभ्याची चुंबकशक्ति शिगेस पोंचली कीं चालू ट्रान्झिस्टर बंद पडतो व दुसरा जागा होतो.

यांत एक उणीव होती. बॅटरीचा दाब जितका अधिक, तितकी ही अदलाबदल जलद. घरच्या पंख्यास तर ठराविक गति हवी. म्हणून पुढें ट्रान्झिस्टरांना ताल देणारी निराळी योजना करून आपल्याकडील सेकंदास ५० आवर्तनें कायम राखण्यांत आलीं. आज घरांतील इन्व्हर्टर १२ व्होल्टांच्या बॅटरीवरून २३० व्होल्टांचा ए. सी. देतो तो याच मार्गानें. छपरावरील सौर पत्र्यांची वीजहि अशीच वळवून घरांत खेळविली जाते.

एडिसन-वेस्टिंगहाउस यांचें भांडण पुस्तकांतून पुष्कळ वर्णिलेलें आहे. परंतु वीज गेल्यावर मुलांच्या पुस्तकावर जो उजेड टिकून राहतो, तो त्या भांडणांतील कोणा एका पक्षाच्या विजयाचा नव्हे. दोन्ही प्रवाहांस एका घरांत नांदविणाऱ्या या मुक्या कळीचा आहे.