सच्छिद्र सेंद्रिय प्रकाश-उत्प्रेरक

प्रकाश शोषून पाण्यातून हायड्रोजन मोकळा करणारे, मुख्यतः कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे सच्छिद्र घन पदार्थ. त्यांतील सहसंयुजी सेंद्रिय जालके (सीओएफ) हा विशेष अभ्यासला गेलेला वर्ग. ओमर याघी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये पहिली जालके तयार केली. पण ती बोरॉनच्या बंधांवर उभी होती आणि पाण्यात टिकत नसत. या कामासाठी त्यांचा उपयोग नव्हता.

टिकाऊपणाचा प्रश्न सोडवण्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा वाटा मोठा आहे. राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१२ मध्ये अल्डिहाइड व अमीन यांची अशी जोडी वापरली की, आधी इमीन बंध जुळतो आणि मग हायड्रोजनचा अणू जागा बदलून तो बंध कीटो-ईनामीन रूपात पक्का होतो. पहिली पायरी उलटणारी असल्याने चुकीचे जोड सुटतात व स्फटिक नीट घडतो. दुसरी न उलटणारी असल्याने जालक उकळत्या पाण्यातही शाबूत राहते.

प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेली धनप्रभारित जागा) सेंद्रिय पदार्थात एकमेकांना घट्ट धरून असतात. ते विलग होऊन पृष्ठभागापर्यंत पोहोचावेत, हीच खरी रचनेची कसोटी. पृष्ठफळाचे मोठे आकडे त्यामानाने दुय्यम. श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतील बेटिना लोच यांच्या गटाने २०१४ मध्ये हायड्राझोन जालकाने हायड्रोजन मिळवला. पुढच्याच वर्षी त्यांनी जालकातील मधल्या वलयात एकेक नायट्रोजन वाढवत नेला. नायट्रोजनवर हायड्रोजन नसल्याने शेजारच्या वलयांना होणारी अडचण दूर होते, रेणू सपाट बसतो, आणि हायड्रोजनचे उत्पादन पायरीपायरीने वाढत ताशी प्रति ग्रॅम सुमारे १,७०० मायक्रोमोलपर्यंत गेले. लिव्हरपूलमध्ये अँड्र्यू कूपर यांच्या गटाने २०१८ मध्ये पाणी ओढून घेणारे सल्फोन गट जोडून हाच आकडा सुमारे १०,००० वर नेला. त्या जालकातला बंधही कीटो-ईनामीनच.

हे आकडे वाचताना मात्र सावध राहावे. या तिन्ही प्रयोगांत प्लॅटिनम हा सहउत्प्रेरक आहे आणि होल वापरून संपवण्यासाठी अॅस्कॉर्बिक आम्ल किंवा ट्रायइथेनॉलअमीनसारखे द्रव्य खर्ची पडते. म्हणजे अभिक्रियेचा अर्धाच भाग साधतो, पाण्यातून ऑक्सिजन निघत नाही. या पदार्थांच्या दुसऱ्या एका वर्गात, पॅलेडियमच्या मदतीने जोडलेल्या बहुवारिकांत, तर आत राहिलेले पॅलेडियमच हायड्रोजन काढायला हातभार लावते. त्यामुळे श्रेय द्यायच्या आधी त्याचे प्रमाण मोजावे लागते.