बर्फाआधीची बाग

दसरा उलटला, की भिलाईच्या हवेत एक सूक्ष्म पालट जाणवू लागतो. चार महिने अंगाला चिकटून बसलेला दमटपणा ओसरतो, सकाळी गवतावर दव दिसू लागते, आणि शासकीय निवासस्थानांच्या आवारांतून कुदळींचा आवाज ऐकू येतो. माझ्या घरामागच्या अंगणात आमचा माळी याच सुमारास शीतगृहातून आणलेले बटाट्याचे बेणे गोणपाटावर पसरून बसतो. प्रत्येक फोडीवर निदान दोन डोळे राहतील अशा बेताने तो ती कापतो आणि कापलेल्या अंगाला राख लावतो. पलीकडे फ्लॉक्स आणि पॉपी यांचे वाफे तयार होत असतात. आपल्याकडे हिवाळ्याची तयारी म्हणजे बाग उघडण्याची तयारी होय. वैशाखात जी जमीन भाजून निघाली आणि श्रावणात जी तुंबली, तिला खरा श्वास मिळतो तो कार्तिक-मार्गशीर्षात.

हे दृश्य मी अनेक वर्षे पाहत आलो, आणि त्यात नवल वाटण्याजोगे काही आहे असे मला कधी वाटले नव्हते. परंतु एकदा मैत्री बागेतून हिंडत असताना एक विचार मनात आला. ही बाग भिलाई पोलाद कारखान्याने १९७२ साली भारत-सोव्हिएत स्नेहाचे प्रतीक म्हणून उभारली. कारखान्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. या काळात सोव्हिएत अभियंते, तंत्रज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय या माळरानावर राहावयास आले. ऑक्टोबरात येथे फुलझाडे लावली जात असलेली पाहून त्यांना काय वाटले असेल? त्यांच्या देशी तो महिना बागेचे दार लावून घेण्याचा. येथे आपण वाफे उघडतो, तेव्हा तेथे लोक झाडे मातीने, पालापाचोळ्याने आणि फांद्यांनी झाकीत असतात.

श्रोतेहो, थंड प्रदेशातील बागेची ही आवरासावर म्हणजे झाडांना ऊब देणे, असा आपला समज असतो. माझाही होता. वस्तुतः त्यातले पहिले काम झाडाला ऊब देण्याचे नसून त्याला वेळेवर निजविण्याचे आहे. दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या, की झाड वाढ थांबवते, साठविलेल्या पिष्टाची साखर करू लागते, आणि पेशींतील पाणी हळूहळू पेशींच्या बाहेरच्या पोकळीत जाऊ देते. मग बर्फ झाला तरी तो पेशींच्या बाहेर होतो आणि झाड जगते. ज्या झाडाला उन्हाळ्याच्या अखेरीस भरघोस नत्रखत मिळाले, त्याची कोवळी फूट मात्र पहिल्याच कडाक्यात काळी पडते. म्हणून जाणता बागवान ऑगस्टनंतर नत्राला हात लावीत नाही. पुढे पानगळ झाली, की मात्र तो जमीन गोठण्यापूर्वी तिला एकदा खोलवर पाणी देतो. कारण हिवाळ्यात झाडे थंडीइतकीच कोरडेपणानेही मरतात.

हे वाचताना मला विदर्भातील संत्र्याच्या बागा आठवल्या. आंबिया बहार धरणारा आपला बागवान डिसेंबरात पाणी तोडतो. त्याला तो ‘ताण देणे’ म्हणतो. थंडी आणि ताण यांनी झाड विसावते, आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा पाणी मिळताच फुलांनी लहडते. रशियन बागवान झाडाची वाढ थांबवितो ती त्याने जगावे म्हणून, आणि नागपूरकडचा थांबवितो ती त्याने फुलावे म्हणून. चुन्याचेही तसेच. तिकडे शरदात खोडांना चुना फासतात, कारण हिवाळा सरता सरता दिवसाच्या उन्हाने साल तापते, रात्री गोठते आणि उभी फाटते. पांढरा रंग ऊन परतवून लावतो. आपल्याकडे संत्र्याच्या खोडाला बोर्डो मलम लावतात ते डिंक्या रोगाच्या भयाने. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही खोडे सारखीच पांढुरकी दिसतील.

संत्र्याचे नाव निघालेच आहे, तर राजेलोकांचा मार्गही सांगून टाकतो. चौदाव्या लुईने व्हर्सायच्या प्रासादात आपल्या नारिंगाच्या झाडांसाठी एक भव्य वास्तूच बांधविली. १६८४ ते १६८६ या काळात मान्सार या वास्तुशिल्पज्ञाने ती उभी केली. झाडे लाकडी पेट्यांत लावलेली; ऑक्टोबराच्या मध्याला ती दक्षिणाभिमुख दालनात न्यावयाची आणि मेच्या मध्याला बाहेर काढावयाची, हा क्रम आजही चालू आहे. जाड भिंती आणि दुहेरी काचा एवढ्यांवर आतील हवा गोठण्याच्या वर राहते. हा उपाय उत्तम आहे. पण तो ज्याच्या पदरी प्रासाद आहे त्याचा.

ज्यांच्यापाशी प्रासाद नव्हता त्यांनी बर्फालाच पांघरूण केले. भुसभुशीत बर्फात हवा कोंडलेली असते आणि ती उष्णता सहजी बाहेर जाऊ देत नाही. वर पारा उणे तीसवर गेला तरी हातभर बर्फाखालची माती शून्याच्या आसपास राहते. म्हणून रशियात बर्फाचे भय नाही, भय आहे ते बर्फावाचून पडणाऱ्या कोरड्या थंडीचे. वाऱ्याने बर्फ उडून जाऊ नये म्हणून तेथे बागेत डहाळ्या आणि फळ्या आडव्या लावतात. सायबीरियातील ओम्स्क येथे किझ्यूरिन या बागायतज्ज्ञाने तर सफरचंदाची झाडे लहानपणापासून वाकवून जमिनीलगत वेलीसारखी पसरवली, हेतू हा की हिवाळ्यात ती संपूर्णपणे बर्फाखाली जावीत. गुलाबांचेही असेच करतात: फांद्या वाकवावयाच्या, बुंध्याशी मातीचा ढीग रचावयाचा, वरून देवदाराच्या जातीच्या डहाळ्या घालावयाच्या. मात्र यात घाई उपयोगी नाही. जमीन थोडी गोठू द्यावी लागते. हवा ऊबदार असताना झाकलेले झाड आतल्या आत कुजते. थंडीने मेलेल्या झाडांइतकीच माळ्याच्या काळजीने मेलेली झाडेही असतील, असे मला वाटते.

या विद्येत चुका करून शिकलेला मोठा पुरुष म्हणजे इव्हान मिचुरिन. १८५५ साली जन्मलेल्या या रेल्वेच्या कारकुनाने कोझलोव्ह गावी दक्षिणेकडील नाजूक जातींची कलमे उत्तरेकडील काटक खुंटांवर बांधली. खुंटाच्या सहवासाने कलमही काटक होईल, अशी त्याची श्रद्धा होती. कडक हिवाळ्यांनी ती खोटी ठरविली. अनेक वर्षांचे कष्ट वाया गेले, तेव्हा त्याने वाट बदलली. काटक रानटी जातींशी संकर करून बियांपासून नवी झाडे वाढविण्यास आरंभ केला, आणि १९०० साली आपली रोपवाटिका सुपीक जमिनीतून काढून मुद्दाम हलक्या जमिनीत नेली. लाडावलेले रोप हिवाळ्यात टिकत नाही, हा धडा त्याने स्वतःच्या नुकसानीतून घेतला होता. १९३५ साली तो निवर्तला. पाचच वर्षांनी, १९३९-४० च्या हिवाळ्यात, मॉस्कोजवळ पारा उणे चाळीसच्याही खाली उतरला आणि मध्य रशियातील असंख्य फळबागा एका ऋतूत नष्ट झाल्या.

मिचुरिनच्या मृत्यूनंतर त्याचे नाव लिसेंको या राजमान्य पंडिताने आपल्या पताकेवर लावले, आणि त्या पताकेखाली आनुवंशशास्त्राचा छळ झाला. त्या छळाचा सर्वांत मोठा बळी निकोलाय वाव्हिलोव्ह. पाच खंडांत हिंडून या वनस्पतिशास्त्रज्ञाने धान्ये, भाज्या आणि फळे यांच्या बियांचा त्या काळी जगातील सर्वांत मोठा संग्रह लेनिनग्राडच्या संस्थेत जमविला होता. ऑगस्ट १९४० मध्ये, युक्रेनच्या पश्चिम भागात वनस्पती गोळा करीत असतानाच, त्याला अटक झाली.

पुढच्या वर्षी जर्मन सैन्य लेनिनग्राडच्या वेशीवर आले. संस्थेचा बटाट्यांचा संग्रह शहराबाहेर पाव्लोव्स्कच्या शेतात उभा होता. त्यात दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतून आणलेल्या जाती होत्या. बी पाकिटात वर्षानुवर्षे राहते. बटाट्याचे तसे नाही. तो दरवर्षी लावावा लागतो, पाला करपण्यापूर्वी काढावा लागतो आणि गोठणार नाही अशा जागी ठेवावा लागतो. प्रत्येक थंड देशातील परसबागेत सप्टेंबरात होणारे हे काम कामेराझ आणि वोस्क्रेसेन्स्काया यांना तोफांच्या माऱ्यात करावे लागले. काढलेले कंद शहरात आणून सेंट आयझॅक चौकातील संस्थेच्या तळघरात ठेवले.

८ सप्टेंबर १९४१ रोजी वेढा पूर्ण झाला. नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरच्या नाताळापर्यंत कार्यालयीन नोकरांना दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव मिळत असे, आणि त्या पावातही सारे पीठच नव्हते. जानेवारीत पारा उणे तीसखाली गेला. तळघरातील बटाटे गोठू नयेत म्हणून लेख्नोविच आणि त्याचे सहकारी फुटक्या पेट्या, कागद, लाकडाचे तुकडे, जे हाती येईल ते जाळीत होते. भोवती हजारो माणसे भुकेने मरत होती. या माणसांच्या ताब्यात खाण्याजोगे कंद, तांदूळ, गहू, शेंगदाणे होते. भाताचा तज्ज्ञ इव्हानोव्ह उपासमारीने मेला, तेव्हा तांदळाची हजारो पाकिटे त्याच्या हाताखाली सुरक्षित होती. भुईमुगाचा तज्ज्ञ श्चुकिन आपल्या टेबलापाशीच गेला. असे संस्थेतील अनेकजण गेले.

मी आयुष्य नोंदवह्यांत घालविलेला मनुष्य आहे, म्हणून एक गोष्ट मला विशेष वाटते. त्या पाकिटांवरच्या आणि पेट्यांवरच्या चिठ्ठ्यांना तितकेच मोल होते. कोणत्या डोंगरातून, कोणत्या साली, कोणी आणला हे ठाऊक नसलेला बटाटा हा केवळ बटाटा असतो; तो खाऊन टाकण्यास हरकत नसते. भुकेल्या पोटी ती नोंद जपणे म्हणजे काय, याची कल्पना दुपारच्या चहाला उशीर झाला तरी कुरकुरणाऱ्या माझ्यासारख्याला येणे कठीण आहे.

१९४२ च्या वसंतात ते कंद शहराच्या आसपास पुन्हा लावले गेले. त्याच वर्षी सेंट आयझॅक चर्चच्या समोर, जेथे पूर्वी फुलांचे ताटवे असत, तेथे कोबी उभा राहिला. वेढा जानेवारी १९४३ मध्ये प्रथम फुटला आणि २७ जानेवारी १९४४ रोजी संपूर्णपणे उठला. वाव्हिलोव्ह मात्र त्यापूर्वीच, २६ जानेवारी १९४३ रोजी, सारातोव्हच्या तुरुंगात उपासमारीने खंगून मेला होता. आपला संग्रह कोणी कसा राखला, हे त्याला कळले नाही. १९५५ साली, भिलाईचा करार झाला त्याच वर्षी, सोव्हिएत न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले.

युद्ध संपल्यावर, १९४९ साली, कामगारांना बागेसाठी जमिनीचे तुकडे देण्याचा निर्णय सोव्हिएत शासनाने केला. सुमारे सहाशे चौरस मीटरांचा तुकडा, त्यात काही सफरचंदे, थोड्या बेरी आणि उरलेल्या जागेत बटाटा. तळघरात बटाटा किती आहे यावर त्या कुटुंबांचा हिवाळा ठरे. भिलाईत आलेले तंत्रज्ञ याच पिढीचे. ज्यांनी ऐन तारुण्यात ते हिवाळे काढले, ते लोक येथे येऊन एप्रिलच्या उन्हात भट्ट्या उभ्या करीत होते.

आमच्या माळ्याला मी ही बटाट्यांची हकीकत एकदा सांगितली. त्याने विळा थांबवून ऐकली. थंडीपासून बटाटा वाचवावा लागतो, हे त्याला पटेना. आपल्याकडे फाल्गुनात काढलेले बेणे उन्हाने नासू नये म्हणून आपणच ते शीतगृहात गारव्याला ठेवतो, आणि आश्विनात बाहेर काढतो. डेलियाचे कंदही तो उन्हाळ्यात वाळूत पुरून व्हरांड्याच्या सावलीत ठेवतो. युरोपात ते वाळूत पुरतात बर्फाच्या भयाने. बराच वेळ विचार करून त्याने विचारले, “साहेब, त्यांनी एकही खाल्ला नाही?” मी नाही म्हणालो. त्याने हातातली फोड उलटून पाहिली, डोळे मोजले, आणि राखेत बुडवून बाजूला ठेवली.