घरात पोपट असेल आणि खोकला जात नसेल तर

बजरीगर, कॉकटेल, लव्हबर्ड असे पोपटवर्गातील पक्षी अनेक घरांत पाळले जातात. बहुतेकांना त्यांचा काही त्रास होत नाही. मात्र काही जणांना या पक्ष्यांमुळे फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. त्यातले दोन महत्त्वाचे आहेत. दोन्हींत खोकला येतो, पण उपचार अगदी वेगळे असतात.

१. सिटॅकोसिस (जंतुसंसर्ग)

हा आजार ‘क्लॅमिडिया सिटासी’ या जिवाणूमुळे होतो. पक्ष्याची विष्ठा वाळली की तिची धूळ हवेत मिसळते आणि श्वासातून आपल्या शरीरात जाते. पक्षी वरवर निरोगी दिसत असला तरी त्याच्या विष्ठेत जिवाणू असू शकतात.

साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप, थंडी, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी आणि कोरडा खोकला सुरू होतो. काहींना न्यूमोनिया होतो. डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो. अमॉक्सिसिलिनसारखी नेहमीची औषधे मात्र या जिवाणूवर नीट चालत नाहीत. म्हणून घरात पक्षी आहे हे डॉक्टरांना सांगणे गरजेचे असते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुलांसाठी कोणते औषध योग्य, हे डॉक्टर ठरवतात.

पक्ष्यालाही पशुवैद्यांकडे न्यावे. त्याच्यावरही उपचार होऊ शकतात.

२. पक्ष्यांच्या ॲलर्जीमुळे फुप्फुसाला सूज

याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. हा जंतुसंसर्ग नाही. पिसांवरची पांढरी भुकटी आणि विष्ठा यांतील प्रथिनांविरुद्ध शरीर प्रतिक्रिया देते आणि फुप्फुसाला सूज येते. कबुतरांमुळेही हाच आजार होतो.

काहींना पिंजरा साफ केल्यावर ४ ते ८ तासांनी ताप, खोकला आणि धाप लागते. घरात कायम पक्षी असेल तर त्रास हळूहळू वाढतो: जिना चढताना दम लागणे, कोरडा खोकला, थकवा, वजन घटणे. ‘वयोमानाने होतंय’ म्हणून याकडे दुर्लक्ष होते. दीर्घकाळ संपर्क राहिल्यास फुप्फुसात कायमचे व्रण पडू शकतात.

निदानासाठी छातीचा सीटी स्कॅन आणि श्वसनक्षमतेची चाचणी करतात. स्टेरॉइडने सूज कमी होऊ शकते. पण धूळ श्वासात जातच राहिली तर आजार आटोक्यात येणे कठीण असते.

पक्षी दुसऱ्याकडे द्यावाच लागतो का?

सिटॅकोसिसमध्ये सहसा नाही. ॲलर्जीच्या आजाराचे निदान पक्के झाल्यास मात्र द्यावा लागतो. पिंजरा गॅलरीत हलवून भागत नाही. पक्षी गेल्यावरही धूळ घरात काही महिने टिकते, म्हणून पडदे, गाद्या आणि गालिचे स्वच्छ करावेत. पिसांच्या उश्या वापरू नयेत. घरातल्यांसाठी, विशेषतः मुलांसाठी, हा निर्णय जड असतो. त्यांना कारण समजावून सांगा आणि पक्षी ओळखीच्या घरी द्या. पाळीव पक्षी बाहेर सोडून देऊ नका. तो सहसा जगत नाही.

रोजची काळजी

- पिंजऱ्याच्या तळाला कागद घालून तो रोज बदला. घाण आधी ओली करून पुसा. कोरडा झाडू मारू नका.
- साफसफाई करताना एन-९५ मास्क लावा, नंतर साबणाने हात धुवा.
- पिंजरा स्वयंपाकघरात किंवा झोपायच्या खोलीत ठेवू नका.
- पक्ष्याला तोंडाने घास भरवू नका.
- नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळा ठेवा.
- गर्भवती स्त्रिया, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी पिंजरा साफ करू नये.

आपल्याकडचा हिरवा, कंठवाला पोपट पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला, चालताना दम लागू लागला किंवा तापासोबत तीव्र डोकेदुखी असेल तर तपासून घ्या. दोन आठवड्यांच्या खोकल्यात क्षयरोगाचीही तपासणी करावी लागते. बसल्या जागी धाप लागत असेल, ओठ निळसर झाले किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा वागत असेल तर लगेच रुग्णालयात न्या. डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगा: ‘आमच्या घरी पक्षी आहे.’