मॉर्मन धर्मप्रचारक

चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स (स्थापना १८३०, मुख्यालय सॉल्ट लेक सिटी, अमेरिका) या पंथाचे स्वयंसेवी प्रचारक. अविवाहित तरुण साधारणतः २४, तर तरुणी १८ महिने सेवा करतात. कोठे जायचे हे पंथाचे नेतृत्व ठरवते. वेतन नसते, खर्च मुख्यतः स्वतः किंवा कुटुंबीय उचलतात. ‘एल्डर’ व ‘सिस्टर’ ही त्यांची संबोधने. परदेशातही ते नेहमी दोघादोघांनी राहतात व हिंडतात. सकाळी प्रार्थना, ग्रंथाध्ययन आणि स्थानिक भाषेचा अभ्यास. नंतर लोकांच्या भेटी, बायबल व ‘बुक ऑफ मॉर्मन’ यांची शिकवण आणि समाजसेवा असा दिनक्रम असतो. कपडे धुणे, बाजारहाट यांसाठी आठवड्यातील एक दिवस राखीव असतो. सेवाकाळात प्रेमसंबंध वर्ज्य. २०१९ पासून घरच्यांशी दर आठवड्याला फोनवर बोलण्याची मुभा आहे. पूर्वी ती सहसा वर्षातून दोनदाच मिळे.