सल्फा औषधे आणि प्लेग

सल्फोनामाइड गट असलेल्या सूक्ष्मजंतुरोधक कार्बनी गंधक संयुगांना सल्फा औषधे म्हणतात. त्यांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा भाग मुंबईतील परळ येथे घडला. हाफकिन यांच्या लसीच्या कीर्तीपुढे तो काहीसा झाकोळला गेला आहे.

मुंबईत १८९६ साली प्लेग उद्‌भवला. हाफकिन यांनी १८९७ मध्ये तयार केलेली लस रोग टाळण्यास उपयोगी पडे. परंतु गाठ आलेल्या रुग्णाला बरे करील असे खात्रीचे औषध पुढील चार दशके वैद्यांच्या हाती नव्हते.

जर्मनीत गेऱ्हार्ट डोमाक यांनी १९३५ मध्ये प्राँटोसिल या तांबड्या रंजकाचा जंतुसंसर्गावरील गुण प्रसिद्ध केला. परीक्षानळीत हा रंजक निष्प्रभ ठरे, उंदराच्या शरीरात मात्र गुणकारी. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी त्याच वर्षी हे कोडे उलगडले : शरीरात रंजकातील ॲझो बंधाचे क्षपण होऊन रेणू दुभंगतो आणि सल्फानिलामाइड हे वर्णहीन संयुग मोकळे होते. (ॲझो बंधाचे क्षपण विद्युत् विच्छेदनात ऋणाग्रावरही घडविता येते.) म्हणजे गुण रंगात नसून गंधकयुक्त भागात होता. हे संयुग १९०८ पासून ज्ञात होते, पण त्याची औषधी परीक्षा कोणी केली नव्हती! त्याची रचना पॅरा-ॲमिनोबेंझॉइक अम्लासारखी असल्याने जंतूंमधील फॉलिक अम्लाची निर्मिती खुंटते. माणसाला हे अम्ल अन्नातून मिळत असल्याने ही झळ त्याला लागत नाही.

परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे संचालकपद १९३२ मध्ये साहेबसिंग सोखी यांच्याकडे आले. तेथे के. गणपती यांनी सल्फाथायाझोल व तत्सम संयुगांचे संश्लेषण केले. सल्फाथायाझोलातील थायाझोल वलयातही गंधक असल्याने त्याच्या रेणूत गंधकाचे दोन अणू असतात. सोखी आणि भा. बा. दीक्षित (पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक) यांनी प्लेगग्रस्त उंदरांवरील सल्फापिरिडीन व सल्फाथायाझोल यांचे प्रयोग १९४० मध्ये प्रसिद्ध केले. नंतर ग्रंथिक प्लेगच्या रुग्णांतही या औषधांनी मृत्युमान घटल्याचे आढळले. रसायनज्ञ आणि जंतुशास्त्रज्ञ एकाच आवारात काम करीत होते, हे या यशाचे मोठे कारण मानावे लागेल.

तथापि सल्फाथायाझोलाचे स्फटिक मूत्रमार्गात साचून वृक्कांना इजा होई. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अधिक प्रभावी स्ट्रेप्टोमायसीन उपलब्ध झाल्यावर प्लेगच्या उपचारात ते मागे पडले. सल्फोन वर्गातील डॅप्सोन हे त्याचे नातलग संयुग मात्र कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचारात १९८२ पासून वापरात आहे.