पाहुण्याचे नाव

सर्दीने डोके जड झाले की फडताळातली बाटली खाली येते आणि रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब पडतात. आमच्या शहापूर-मुरबाडकडे रस्त्याकडेला हे सरळसोट, साल सोललेले झाड दिसले की वर्गातली मुले विचारतात, "गुरुजी, या झाडावरून त्या डोंगराला निलगिरी म्हणतात का?" खरी हकिगत अगदी उलटी आहे.

डोंगराचे नाव फार जुने. झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. उदकमंडलम, म्हणजे उटी, समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंच. साहेबलोक उन्हाळ्यात तेथे राहू लागले आणि थंडीत शेकोट्या पेटू लागल्या. ओढ्याकाठची शोला नावाची दाट राने त्यासाठी तुटू लागली. ती राने वाढतात मात्र अतिशय सावकाश. तेव्हा कॅप्टन कॉटन यांनी १८४३ साली तेथे हे परके झाड लावले. त्यातली 'ब्लू गम' ही जात टास्मानियाची, म्हणजे थंड व ओलसर हवेत वाढलेली. तिला ही हवा मानवली आणि थोड्याच वर्षांत सरपणासाठी तिची लागवड सुरू झाली.

पण थंडीलाही मर्यादा असते. थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत खोलगट जागी साचते. हिवाळ्यात तेथे दव गोठते आणि कोवळी रोपे करपतात; उतारावरची तरतात. एकदा खोड जून झाले की भय कमी. पुढे पाने उकळून तेल काढू लागले आणि बाटलीबरोबर डोंगराचे नाव आपल्या घरी आले.

या भरभराटीची किंमत मात्र डोंगराने मोजली. तोडा लोकांच्या म्हशी जेथे चरत, ती गवताळ कुरणे लागवडीखाली गेली. शोलातल्या झाडांची नावे आज कोणाला ठाऊक आहेत? पाहुण्याने यजमानाचे नाव घेतले आणि यजमान विस्मृतीत गेला!

आपल्या ठाण्याच्या उन्हात टास्मानियाची ती जात टिकणे कठीण. उष्ण मुलखात लावतात ते तिचे उष्णता सोसणारे भाऊबंद. नाव तेवढे तेच. म्हणून मी मुलांना सांगतो, निलगिरी ओळखा, तिचा उपयोगही करा. पण त्याआधी ऐन, किंजळ आणि मोह ओळखता आले पाहिजेत. घरच्यांची नावे विसरलेल्या घरात पाहुणाच मालक होतो.