अप, डाऊन आणि साहेबाची टेकडी

इंग्रजीतले मोठमोठे शब्द स्वभावाने गरीब असतात. 'कॉन्स्टिट्यूशन' एकदा पाठ केला की जन्मभर आज्ञेत राहतो. छळतात ती 'अप', 'डाऊन', 'इन', 'आऊट' ही चिल्लीपिल्ली. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेतच सांगून टाकले होते, की क्रियापदाच्या शेपटीला लागणारे हे कण परक्या माणसाला सगळ्यांत जड जातात. आपल्याकडे तर्खडकरांची भाषांतरमाला घोकलेल्या पिढ्यांनी हे मत तळहातावर छड्या घेऊन पडताळून पाहिले आहे.

त्यातून ही मंडळी एकटी येत नाहीत, बिऱ्हाड घेऊन येतात. वस्तू नुसती 'माळ्यावर' असून साहेबाचे भागत नाही. ती 'अप इन द अ‍ॅटिक' असावी लागते. मुलगा 'आऊट इन द गार्डन' असतो. माळा म्हटला की तो वरच असणार, तळघरात थोडाच असणार! मग हे चोचले कशाला?

पण जरा आपल्याच स्वयंपाकघराकडे कान द्या.

"आई, मेतकूट कुठंय गं?"

"अरे, वर फळीवर, मागे!"

झालं! फळी वरच आहे, हे त्या पोरालाही ठाऊक असते. पण आधी मान कुठे वळवायची ते सांगायचे आणि मग पत्ता द्यायचा, ही रीत साहेबाची तशीच आपल्या आईची. पहिला शब्द बोलणारा उभा असतो तिथून मोजलेला. दुसरा त्या जागेचा.

फरक पडतो तो माणूस हलायला लागला म्हणजे. आपण म्हणतो, "झाडावरून खाली उतर." साहेब आधी 'कम डाऊन' करतो आणि झाड मागाहून आणतो. गंमत अशी, की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे कण पुष्कळदा आपल्यासारखे क्रियापदाच्या आधीच येत. पुढे वाक्याची घडी बदलली आणि ते मागच्या बाकावर जाऊन बसले. मागच्या बाकावरची मुले पुढे काय करतात, ते शिक्षकांना विचारा.

या मुलांची कुळकथाही ऐकण्यासारखी आहे. 'डाऊन' हा मुळात शब्दच नव्हे. तो झिजलेला शब्दसमूह आहे. जुन्या इंग्रजीत 'ऑफ डूने' म्हणजे 'टेकडीवरून'. बोलता बोलता त्याचे 'अडून' झाले, 'डाऊन' झाले, आणि टेकडी घरंगळून गेली. म्हणजे आज कुणी 'डाऊन फ्रॉम द हिल' म्हणाला, तर तो बिचारा त्याच टेकडीवरून दोनदा उतरतो! आणि दक्षिण इंग्लंडातल्या टेकड्यांना अजून 'डाऊन्स' म्हणतात. तिथे जायचे तर माणसाला 'अप ऑन द डाऊन्स' जावे लागते.

जोडप्यांचीही तीच तऱ्हा. 'इन' आणि 'टू' यांचे लग्न फार जुने, 'इंटू' या एकाच नावाने संसार चाललाय. 'ऑन' आणि 'टू' यांना एकत्र लिहावे की वेगळे, यावर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी अजून घासाघीस करतात. 'आऊट' आणि 'ऑफ' मात्र कैक शतके जोडीने हिंडतात, पण लिहिताना वेगळे ते वेगळेच.

इथवर सगळे घरगुती होते. मग आगगाडी आली. विलायतेत लंडनकडे जाते ती 'अप', लंडनहून निघते ती 'डाऊन'. स्कॉटलंडच्या डोंगरातून उतरणारा माणूससुद्धा 'अप'नेच येणार! १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८६३ साली रूळ बोरघाट चढले. आमच्या कोकणात भाषा साधी होती : 'वर घाटावर' आणि 'खाली कोकणात'. चढताना धाप लागली की समजावे, आपण वर चाललो. रेल्वेने पाटी फिरवली. मुंबईकडे जाईल ती अप! १९३० साली सुरू झालेली डेक्कन क्वीन सकाळी खंडाळ्याहून कर्जतकडे उतरते ती 'अप', आणि संध्याकाळी मागून इंजिनांचा रेटा घेत घाट चढते ती 'डाऊन'. सह्याद्रीला कुणी विचारलेसुद्धा नाही.

मला वाटते, या दोन अक्षरांत सगळा इतिहास आला. आईच्या 'वर फळीवर'मध्ये वर म्हणजे वर. पण रेल्वेच्या 'अप'मध्ये मोजलेली असते ती उंची नव्हे, मोठेपण. आणि मोठे कोण, हे वेळापत्रक छापणारा ठरवतो. साहेब जाऊनही कितीतरी वर्षे लोटली. तरी मुंबईच्या फलाटावर रोज लाखो माणसे घामाघूम होऊन 'अप' गाडीतून उतरतात, आणि त्यांतल्या एकालाही आपण वर आल्यासारखे वाटत नाही!